ऱ्हस्व बिडी, दीर्घ बीडी

आमच्या गल्लीत ‘पुनर्वसन’ हा शब्द माझ्या आधीपासून राहत होता. त्याचा अर्थ एकच. धरणात गाव बुडालं की सरकार माळावर जागा देतं, ते पुनर्वसन. त्यामुळं बारावीच्या निकालानंतर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौकात ऐटीत सांगितलं, “पोरीला बेळगावात पुनर्वसनाच्या कॉलेजात सीट मिळाली,” तेव्हा पानपट्टीवाल्यानं चुना लावता लावता विचारलं, “कुठल्या धरणाचं, आप्पा?”

“धरणाचं न्हवं रं. माणसाचं.”

“माणूस बुडाला तर त्येचं कसलं पुनर्वसन?”

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल. पोतं किती वजनाचं आहे ते नुसतं बघून सांगायचे, पण हा प्रश्न त्यांना उचलवला नाही. घरी आले आणि मलाच विचारलं. मी समजावलं, लकवा मारलेल्या माणसाला परत चालायला शिकवायचं, मोडलेला हात जुळला की तो वळता करायचा, बाळंतिणीची कंबर, म्हाताऱ्याचा गुडघा, सगळं त्यात येतं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे मालिश.”

“मालिश न्हाय आप्पा.”

“बरं. शिकलेली मालिश.”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बसमध्ये शेजारी कुणी बसलं तरी पुढचा थांबा यायच्या आत त्याला ते कळलेलं असतं. त्यात लाजायचं काय? ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या त्यांनी लाजावं, कारण त्यांना स्वतःहून काही करावं लागलं नाही.

पण “आई काय करते?” असं कुणी विचारलं, तर मी म्हणायची, “घरकाम.” हे खोटं नव्हतं. ती घरीच बसायची आणि ते कामच होतं. मांडीवर सूप घेऊन आई बिड्या वळायची. पुस्तकात तिला विडी म्हणतात, आमच्या निपाणीत बिडी. भिजवलेलं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठ्यानं वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोलत बोलत, भांडत भांडत, एकदा तर माझ्या अंगात ताप असताना एका हातानं माझ्या कपाळावर घडी ठेवत. आईला लिहिता येत नाही. सही म्हणजे अंगठा, आणि हातावरचं पोटही त्याच अंगठ्यावर. एवढं सगळं एका बोटावर टाकू नये, हे मला नंतर कॉलेजात शिकवलं गेलं.

कॉलेजचं नाव इतकं लांब होतं की बसच्या पासवर मावेना. आरोग्य आणि पुनर्वसन शास्त्रं वगैरे वगैरे. पास काढणाऱ्या कारकुनानं नुसतं ‘आरोग्य’ लिहिलं आणि मोकळा झाला. त्यामुळं पहिलं वर्षभर कंडक्टर मला नर्स समजत होता आणि पित्तावर काय घ्यावं ते विचारत होता. मीही सांगत होते. पहिल्या वर्षाला माणसाला सगळंच येत असतं.

इमारत मोठी. आत एक लांब हॉल. भिंतभर आरसा, दोन दांड्या एकमेकीला समांतर, लाकडी चाकं, रंगीत दोऱ्या, आणि मधोमध एक लाकडी जिना. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली. वर काही नाही. पेशंटनं चढायचं आणि उतरायचं. आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा त्या जिन्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

“वरचा मजला बांधायचा ऱ्हायला व्हय?”

मी हसले. चार वर्षांनी त्या जिन्याकडं बघून मलाही तसंच वाटायला लागलं, ते वेगळं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला हात शिकवला. मनगटापासून अंगठ्याला जाणाऱ्या दोन शिरा एका बोगद्यातून जातात. एकच काम पुन्हापुन्हा केलं की तो बोगदा सुजतो. अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडं वाकवलं, आणि माणूस ओरडला, तर समजायचं. हे मी वर्गात ऐकत होते आणि मला आई दिसत होती. दोन वर्षं ती तांब्या उजव्या हातानं उचलत नव्हती. शनिवारी घरी गेले आणि तिची मूठ धरून वाकवली. आई ओरडली नाही. तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत एक ठेवून दिली.

“तुझी परीक्षा माझ्या हातावर घेतीस व्हय गं?”

मी सांगितलं, हे काम थांबव. निदान सहा आठवडे. अंगठ्याला पट्टी बांधून देते. आई म्हणाली, “ठेवते की सूप माळ्यावर. तू पास होऊन ये. मधल्या परीक्षा न्हवं, शेवटची. त्या दिशी ठेवते.”

“तवर अंगठा जाईल.”

“मग लवकर पास हो.”

आईचा शब्द म्हणजे शब्द. आता माझी शेवटची परीक्षा आणि तिचा अंगठा एका दोऱ्यानं बांधले गेले. मी नापास झाले की सहा महिने मागं, आणि ते सहा महिने तिच्या बोगद्यातून जाणार. असं ओझं वर्गात दुसऱ्या कुणाच्या पाठीवर नव्हतं. त्यांच्या पाठीवर नुसत्या बॅगा होत्या.

तिसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात सोडलं, आणि तिथं माझी बेअब्रू झाली. ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

माझं कन्नड बाजारापुरतं. मराठी शाळेत शिकलेली मी, पण निपाणीच्या बाजारात वांग्याचा भाव पाडण्याइतकं, आणि बसमध्ये जागेवरून भांडण्याइतकं येत होतं. आमच्या भागातलं कन्नड ऐसपैस. ‘सोडा’ किंवा ‘जाऊ द्या’ म्हणायचं असेल तर ‘बिड्री’ म्हणतात. बिड्री अक्का, बिड्री अण्णा. हे मला पोटात असल्यापासून माहीत.

वॉर्डात माझ्यासोबत एक सीनिअर होता, खाली म्हैसूरकडचा. पेशंट होते चिकोडीकडचे एक म्हातारे शेतकरी. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, छातीत कफ साठू नये म्हणून त्यांना श्वासाचे व्यायाम द्यायचे होते. सीनिअरनं व्यायाम घ्यायचे, मी केसपेपर भरायचा, अशी वाटणी. तो म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून शांत आवाजात काहीतरी म्हणायचा आणि शेवटी, “बिडी.” म्हातारे मान हलवायचे. परत काहीतरी, परत, “बिडी.” परत मान. मी मोजलं. दहा वेळा.

केसपेपरवर एक रकाना असतो, व्यसन. मी लिहिलं: बिडी, रोज दहा.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिकवणाऱ्या मॅडम राउंडला आल्या. त्यांनी कागद वाचला आणि म्हाताऱ्यांच्या सुनेला कन्नडात झापायला सुरुवात केली, की छातीची ही अवस्था आणि तुम्ही बिड्या ओढू देता? सून आधी पांढरी पडली आणि मग लाल झाली. हे घराणं जैन. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत, कांद्याची पात ओलांडून जात नाहीत. सुनेनं भर वॉर्डात जाहीर केलं की सासऱ्यांनी सत्तर वर्षांत बिडी तोंडाला लावलेली नाही, आणि ज्यानं हे लिहिलंय त्यानं समोर यावं.

मी समोर आले. काय करणार? खाली माझी सही होती. ऐटीत केलेली, खाली रेघ मारून.

तेव्हा उलगडा झाला. खालच्या कन्नडात ‘बिड्री’ला ‘बिडी’ म्हणतात. सीनिअर म्हणत होता, श्वास घ्या, श्वास सोडा. उसिरु तगोळ्ळी, उसिरु बिडी. आणि ओढायच्या विडीला त्यांच्यात बीडी म्हणतात, ‘बी’ लांबवून. एका वेलांटीचा फरक. शाळेत वेलांटी चुकली की बाई अर्धा गुण कापायच्या. इथं अख्खी इज्जत कापली गेली.

पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्याही गावची मुलगी असती तर तिला तो शब्द कळला नसता, आणि तिनं रकाना मोकळा सोडला असता. पण निपाणीच्या कानाला ‘बिडी’ म्हटल्यावर दुसरं काय ऐकू येणार?

दुपारपर्यंत माझं बारसं झालं होतं. सगळ्यात मोठ्यानं हाक मारायची ती माझ्या वर्गातली एक मुलगी, म्हैसूरजवळच्या मंड्याकडची, पहिल्या बाकावर बसणारी, वेणी ताणून बांधणारी. “ए बिडी, नोट्स दे!” ती मनानं वाईट नव्हती. तिच्या घरी कुणी बिडी बघितलीही नसेल. तिला तो नुसता विनोद वाटायचा. मला मात्र प्रत्येक हाकेला वाटायचं, हिला कळलं. मग मी आणखी जोरात सांगायची, आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिली. आई? आई घरकाम करते.

ते म्हातारे मात्र बरे झाले. म्हणजे जेवढं व्हायचं तेवढं. काठी घेऊन, पाय ओढत चालायला लागले. हात वळला नाही, मूठ घट्ट मिटलेलीच राहिली. बेळगावजवळ पिरनवाडीत मुलाकडं राहायचे, तिथं दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नाही. त्यामुळं ते आठवड्यातून तीनदा कॉलेजच्या ओपीडीत यायचे आणि हळूहळू आमचे परीक्षेचे पेशंट झाले. परीक्षेला खरे पेशंट लागतात. कॉलेज त्यांना आणतं, चहा-नाष्टा देतं, परत सोडतं. हे म्हातारे त्यातले मानकरी. त्यांचा आजार त्यांना आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. एखादा मुलगा अडला की ते हळूच डोळ्यानं गुडघ्याकडं खूण करायचे. फक्त मला कधी खूण करायचे नाहीत. मला बघितलं की कन्नडात एवढंच म्हणायचे, “आली बिडी डॉक्टर.” मी दोन वर्षं त्यांच्याशी माझ्या मोडक्या कन्नडात बोलले, आणि ते दोन वर्षं माझं व्याकरण ऐकत, कपाळाला आठी घालून बसले.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली. येऊ नको म्हटलं तर म्हणाली, “माझा बी निकाल हाय की आज.” नवी साडी नेसलेली, पिशवीत चपाती-भाजी. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, “हितनं हालू नको. कुणी काय विचारलं तर म्हण, मुलीबरोबर आले.”

“आनि काय काम करती म्हनून विचारलं तर?”

“कुणी विचारत न्हाय.”

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळतं. तिनं पदर सारखा केला.

हॉलमध्ये हिरवे पडदे लावून खण पाडले होते. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे, मराठीचं अक्षर न कळणारे. चिठ्ठ्या उचलल्या. माझ्या मनात एकच, मराठी बोलणारा पेशंट येऊ दे, गुडघा असो, मान असो, काही असो. चिठ्ठी उघडली. लकवा, खण तीन.

खण तीनमध्ये म्हातारे खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांच्या मिशा हलल्या.

चाल तपासली, खांदा तपासला, ठीक गेलं. मग आली मूठ. परीक्षक म्हणाले, हाताचा ताठरपणा दाखव, आणि पेशंटला सूचना त्याच्या भाषेत दे. त्यांची मूठ माझ्या हातात, आणि म्हणायचं होतं, हात सैल सोडा. कै सडिल बिडी. एवढे तीन शब्द. पहिले दोन म्हटले. तिसऱ्यापाशी थांबले. दोन वर्षं ज्या शब्दानं मला हाक मारली तो शब्द मीच कसा म्हणू? मी म्हटलं, “कै सडिल... बिड्री.”

आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यापलीकडून, खण चारमधून, तो शब्द आला.

“बिडी.”

आवाज आईचा होता.

झालं होतं असं, की हाताच्या केसचा एक पेशंट आलाच नव्हता. पेशंट जमवायचं काम असलेला क्लार्क व्हरांड्यात ओरडत फिरत होता, कुणाचा हात दुखतोय का, हात? आईचा दुखत होता. आईनं तोच हात वर केला. ती कुणाची कोण, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मी तिला हलू नको म्हटलं होतं, हात वर करू नको असं म्हटलं नव्हतं.

पडद्यापलीकडं वेणीवाली होती. तिनं आपल्या स्वच्छ कन्नडात विचारलं, “अम्मा, एनु केलसा माडतीरा?” काय काम करता?

“बिडी,” आई म्हणाली. निपाणीची बिडी, ऱ्हस्व.

वेणीवालीला वाटलं, बाई म्हणतायत, सोडा. जाऊ दे तो विषय. तिनं आणखी मऊ आवाजात विचारलं, अम्मा, लाजू नका, काय काम करता?

“बिडी,” आई जोरात म्हणाली. म्हणजे वेणीवालीच्या कानात: सोडा म्हणते ना!

पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. तिनं काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. व्यवसाय: सांगायची इच्छा नाही.

माझ्या समोरच्या खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. म्हातारे हसत होते. पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी, आणि हसता हसता त्यांची ती मूठ माझ्या हातात आणखी आणखी घट्ट होत गेली, कोपर वाकलं, हात छातीशी गेला. आणि ते हळूच म्हणाले, चक्क मराठीत, आमच्या मराठीत, “ती बाई बिडी म्हंतीया आन् ह्या पोरीला सोडा ऐकाय येतंय. तुझीच भन हाय की गं ही!”

मीही मराठीतच विचारलं, “तुम्हाला मराठी येतं?”

“चिकोडीत जन्म गेला. न येऊन कसं चालंल?”

“मग दोन वर्षं बोलला का न्हाय?”

“इचारलंस कवा?”

परीक्षकांनी चष्मा वर केला. त्यांना मराठी कळलं नाही, पण हात कळला. त्यांनी विचारलं, हा हात आत्ता का आवळला? मी सैल सोडायला सांगितलं आणि तो घट्ट झाला, हे कसं?

असा प्रश्न कुणाच्या नशिबी येत नाही. पुस्तकात तो तळटिपेत आहे, पण मी तो दोन वर्षं ओपीडीत बघितला होता. मी म्हणाले, सर, लकव्यात जांभई आली, खोकला आला, हसू आलं, की चांगल्या बाजूचा जोर दुखऱ्या बाजूला उतरतो आणि हात आपोआप आवळतो. पेशंट मुद्दाम करत नाही. हसू थांबलं की सुटेल. म्हाताऱ्यांचं हसू थांबलं आणि हात सुटला. अगदी शिकवल्यासारखा.

परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मी सुटले असं वाटलं. पण ते म्हणाले, बरोबर, पण त्यांना हसू का आलं?

आता इथं मला दोन रस्ते होते. म्हणता आलं असतं, सर, मेंदूला मार बसला की काहींना उगाच हसू येतं. तेही पुस्तकात आहे, आणि गुण मिळाले असते. म्हातारे माझ्याकडं बघत होते. पलीकडं वेणीवाली आईला विचारत होती की शिवणकाम करता का, भांडी घासता का, आणि आई प्रत्येक वेळी नाही म्हणत होती, आवाज चढवत. व्यवसाय कळल्याशिवाय त्या अंगठ्याचं निदान पुरं होत नाही, हे वेणीवालीला माहीत होतं आणि मलाही.

मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं, व्याकरणाचा विचार न करता. सर, पलीकडच्या बाई बीडी वळतात. त्या तेच सांगतायत, पण आमच्यात बीडीची वेलांटी आखूड असते, म्हणून तपासणाऱ्या मुलीला सोडा ऐकू येतंय. “अवरु नम्म अव्वा, सर.” ती माझी आई आहे.

हे वाक्य मी चार वर्षांत पहिल्यांदा कुठल्याही भाषेत म्हटलं. कन्नडात म्हटलं म्हणून सोपं गेलं असेल. आपल्या भाषेत लाज वाटते, परक्या भाषेत नुसतं व्याकरण चुकतं.

परीक्षक पडद्याला वळसा घालून पलीकडं गेले. मी फटीतून बघितलं. त्यांनी ‘बी’ लांबवून विचारलं, बीडी वळता का? आईनं सुस्कारा टाकला, की इतका वेळ मी दुसरं काय सांगतीया, आणि दोन्ही हात हवेत धरून वळून दाखवलं. न दिसणारं पान, न दिसणारी तंबाखू, अंगठा, दुमड, दोरा. तिच्या तोंडून ‘आई गं’ निसटलं, ते माझ्या दोन वर्षांच्या व्याख्यानात कधी निसटलं नव्हतं. वेणीवालीनं पटकन आईची मूठ धरून वाकवली. या वेळी आई ओरडली. पाठीत कुणाला काही मारलं नाही. परक्यापुढं ती शिस्तीत असते.

मग वेणीवालीनं पेशंटला सल्ला दिला, तोही गुणांसाठी असतो. सहा आठवडे हे काम बंद, आणि शेवटी दोनच कन्नड शब्द. “अम्मा, बीडी बिडी.” बीडी सोडा. आणि आपण काय म्हणालो ते तिच्याच कानावर पडलं, तिनं वही तोंडावर धरली.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्या डब्यातली चपाती घेतली आणि आईशेजारी बसून खाल्ली. पुढं तिनं मला बिडी म्हणून हाक मारली नाही. खरं सांगते, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

निपाणीच्या गाडीत आईनं खिडकी धरली. काकती गाव मागं पडल्यावर बोलली.

“ती डॉक्टरीन लई हुशार गं. हात धरला आन् लगीच वळखलं. म्हनाली, हे काम बंद. सा आठवडे.”

“मी दोन वर्षं हेच सांगतेय.”

“तू काय, घरची. घरच्याचं कोन ऐकतंय?”

तिच्या हातात बसचं तिकीट होतं. बोलता बोलता तिनं ते वळून, दुमडून टाकलं होतं. फक्त दोरा नव्हता.

निकाल लागला. पास झाले. गल्लीत पेढे वाटले, बुद्धविहारात वाटले, वखारीत आप्पांनी स्वतः जाऊन वाटले. पानपट्टीवाल्यानं पेढा खाऊन विचारलं, “झालं का पुनर्वसन?” आप्पा म्हणाले, “व्हय. सगळ्या घराचं.” मला वाटलं, आता आई उठेल आणि सूप माळ्यावर ठेवेल. आई उठली, माझ्या तोंडात पेढा घातला आणि परत सुपापाशी बसली.

“आई, शब्द?”

“आगं, पानं भिजवल्यात. वाया घालवायची व्हय?”

ती पानं आठ दिवस पुरली. इतकी पानं तिनं कधी भिजवली, देव जाणे. नवव्या दिवशी सूप माळ्यावर गेलं. अकराव्या दिवशी ते खाली आलं, मी धावत गेले, तर त्यात जोंधळे होते. “सूप कशाला असतंय मग?” आई म्हणाली. तेही बरोबर. सूप मुळात जोंधळ्याचंच. मधली वीस वर्षं ते दुसरीकडं कामाला होतं.

आता निपाणीत माझी एक खोली आहे. आत आरसा, दोन दांड्या, आणि सुताराकडून करून घेतलेला चार पायऱ्यांचा जिना, कुठंच न जाणारा. बाहेर पाटी आहे. पाटी वाचून लोक विचारतात, “मालिश करता व्हय?” मी सांगते, शिकलेली करते. येणाऱ्या बायकांत निम्म्यांचा अंगठा तसलाच. मी मूठ वाकवते, त्या ओरडतात, मग मी बिडी सोडा म्हणते आणि त्या हसतात. काही सोडतात, बऱ्याच सोडत नाहीत. त्यांना परीक्षेला बसलेली मुलगी नसते.

पहिल्या दिवशी पहिली पेशंट म्हणून आई आली. घरची म्हणून आत घुसली नाही, बाहेर बाकावर नंबर लावून बसली, शेजारणीला सांगत, की हितली डॉक्टरीन बरी हाय म्हंत्यात. आत आल्यावर मी तिला रीतसर खुर्ची दिली, नवा केसपेपर काढला. नाव, वय. मग व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं आणि खाली सवयीनं रेघ मारली.

आईला वाचता येत नाही, पण मी काहीतरी आखूड लिहिलं हे तिला दिसलं.

“काय लिवलंस?”

“बिडी.”

“आगं, ती सोडली की मी!”

“तेच लिहिलंय.”